वायरीला हात लावला, सर

सर, तुमच्या जियारतीला, म्हणजे तुम्हाला मातीत ठेवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, मी तुमच्या घरात एक घोळ घातला. कुणाच्या लक्षात आला नाही. तुम्ही असता तर पहिल्या सेकंदाला आला असता.

झालं असं, की नगरहून एस.टी.नं कर्जतला पोचेपर्यंत माझा मोबाईल मेला होता. बाहेरच्या खोलीत माणसं कुराण वाचत बसलेली, मागं बायका. मी आपला तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलो. भिंतीत मोकळी जागा सापडेना, म्हणून त्यातल्या त्यात बिनकामाचा दिसला तो प्लग उपटला आणि माझा चार्जर खोचला. खोलीतला सगळा आवाज एकदम गेला. तुमचे तिन्ही कॉम्प्युटर, त्यांना जोडणारा मधला डबा, त्याच्यावरचे हिरवे दिवे, सगळं एका दमात बंद. बावन्न वर्षांचा माणूस मी. तीस वर्षं पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी केली. दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या तासाला सांगतो, कशाचा आहे ते माहीत नसेल तो प्लग उपटू नये.

मोबाईल सुरू झाला तसा माझ्या बोटांनी सवयीनं नंबर लावला. तुमचा. आपला नियमच होता तसा. शेजारच्या खोलीत घंटी वाजली आणि मी भानावर आलो, पण तोवर चाचींनी उचलला होता.

"काय रं दिनू? ह्या खोलीतनं त्या खोलीत फोन?"

"चुकून लागला, चाची."

"चुकून कसा लागंल? तुझा फोन वाजला की ते जेवता जेवता उठायचे. आता मीच उठले बघ. काय सांगायचं हुतं त्यांना?"

मी म्हणालो, काही नाही. सर, मला सांगायचं होतं, "वायरीला हात लावला." पडदा काळा होण्याआधी त्याच्यावर एक ओळ होती, ती मी वाचली होती. तिच्याकडे येतो. आधी जरा बाकीचं सांगू द्या, तुम्हाला सगळं माहीत असलं तरी. कागदावर मांडल्याशिवाय मला काही कळत नाही, हे तुम्हीच माझ्या आठवीच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि लोकांना वाटलं, इक्बालसर आता क्लासेस काढणार. तुम्ही काढल्या पेट्या. आवाज टिपणाऱ्या छोट्या पेट्या, वितभर लांबीच्या, हिरव्या पट्ट्यांनी बाभळीला बांधायच्या. कर्जतच्या माळावर तरुणपणी सायकलवरून शाळेला जाताना तुम्ही माळढोकाचं ओरडणं ऐकलं होतं. मोठा पक्षी, माणसाच्या कमरेएवढा, आणि नराचा आवाज असा खोल की कानापेक्षा छातीला आधी कळतो, असं तुम्ही सांगायचात. नंतर माळ नांगरला गेला, तारा आल्या, खांब आले, आणि पक्षी दिसेनासा झाला. लोक म्हणाले संपला. तुम्ही म्हणालात, "दिसत न्हाई म्हणजे न्हाई, असं गणितात चालत न्हाई दिनू. सिद्ध करावं लागतं." एक आवाज जरी पेटीत सापडला, तरी त्या माळाबद्दल चार ठिकाणी बोलायला तोंड राहील, एवढीच तुमची इच्छा होती.

पहिल्याच पावसाळ्यात आवाजांचा ढीग झाला, दुसऱ्याचा त्यावर पडणारच होता. एका माणसानं ऐकायचे तर पुढचा जन्म घ्यावा लागला असता. म्हणून तुम्ही पासष्टाव्या वर्षी प्रोग्रॅम लिहायला शिकलात आणि मला गाठलंत. आमच्या लॅबनं मोडीत काढलेले सात कॉम्प्युटर मी रीतसर विकत घेतले. तीन तुमच्याकडे, चार माझ्या सावेडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत. दोन्ही घरं इंटरनेटनं एकत्र जोडली. तुमचा मुख्य कॉम्प्युटर एकेक तासाचा तुकडा एकेकाला वाटून द्यायचा. ज्याला तुकडा मिळाला त्यानं तो ऐकून उत्तर द्यायचं, आहे किंवा नाही. सातही जणांची उत्तरं आली की पुढची फेरी. वर्गात वह्या तपासायच्या तुमच्या पद्धतीसारखंच. सगळ्यांच्या वह्या टेबलावर आल्याशिवाय तुम्ही पहिलीसुद्धा उघडत नव्हतात.

आणि ते हँग व्हायला लागलं.

धड बंद पडलं असतं तर बरं. चूक दाखवली असती, लाल अक्षरात काही आलं असतं, तर पकडायला शेपूट तरी मिळालं असतं. तसं काही नाही. पंखे फिरतायत, दिवे लुकलुकतायत, पडद्यावर "वाट पाहत आहे". दोन तास, दोन दिवस, तेच. माझी बायको सुमन चहा घेऊन गॅलरीत आली की विचारायची, "काय करतायत हे?" मी म्हणायचो, "वाट बघतायत." ती म्हणायची, "माणसांसारखेच आहेत की. कुणीतरी फोन करा ना त्यांना."

तुम्ही वही घातलीत. किती वाजता गोठलं, त्याआधी काय झालं, पाऊस, लाईट, सगळं. वायरी बदलल्या. मधला डबा बदलला. केबलवाल्याला इतक्या वेळा बोलावलंत, की तो तुमच्या गल्लीतून यायचंच बंद झाला. महिन्याभरानं तुम्हाला धागा सापडला. कर्जतला लाईट गेली की केबलचं इंटरनेट जायचं, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या तुमच्या कॉम्प्युटरांना जोडलेलं मोबाईलच्या सिमचं डोंगल आपोआप चालू व्हायचं. नेट चालूच राहायचं, पण तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता बदलायचा. माझे चौघे मात्र उत्तरं जुन्याच पत्त्यावर पाठवत बसायचे, आणि तुमचा नव्या पत्त्यावर बसून त्यांची वाट बघायचा. दोघेही जिवंत, दोघेही कामाला तयार, आणि दोघांना वाटतंय समोरचा गप्प आहे.

तेव्हा तुम्ही तो नियम केलात. खडूच्या वळणाचं अक्षर, पुठ्ठ्यावर, एक तुमच्या खोलीत आणि एक माझ्या गॅलरीत: "वायरीला हात लावणाऱ्याने फोन करून सांगावे. दुसऱ्याने विचारू नये."

त्यातलं दुसरं वाक्य सुमनला कधी कळलं नाही. मला कळलं होतं, कारण मी आठवीत होतो तेव्हापासून ते मला लागू होतं. फळ्यावर वर्तुळ काढायचा लाकडी कंपास मी तलवार म्हणून चालवला आणि त्याचा पाय मोडला. तुम्ही वर्गात आलात, मोडका कंपास बघितलात, आणि कुणालाही काही विचारलं नाहीत. खिशातनं सुतळी काढून तिला खडू बांधलात आणि वर्तुळ काढलंत. दुसऱ्या दिवशी सुतळी. तिसऱ्या दिवशी सुतळी. वर्तुळं इतकी गोल, की मला रडू यायचं. चौथ्या दिवशी मी उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "बस." एवढंच. नंतर कधी मला म्हणालात, "विचारलं की पोरगं खोटं बोलतं. न्हाई विचारलं की चार दिवस लागतात, पण उठतं."

तर आपलं भांडण. ते वर्षभर चाललं आणि अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, सर, मुदत घाला. दहा मिनिटं उत्तर आलं नाही तर तो मेला समजा, त्याचा तुकडा सोडा आणि पुढं चला. जगात सगळे असंच करतात. तुम्ही म्हणायचात, "मेला कशावरनं?"

"उत्तर देत नाही म्हणजे मेलाच ना!"

"पत्ता बदलला असंल. वाट चुकला असंल. हळू असंल, तुझ्यासारखा. हितनं बसून तुला काय कळणार, तो मेलाय का नुसता उशीर झालाय?"

"मग किती थांबायचं?"

"यील तवर."

यावर मी कपाळावर हात मारायचो. फोनवर दिसत नव्हतं, पण तुम्ही म्हणायचात, "कपाळ दुखंल."

गेल्या हिवाळ्यात तुम्हाला नवीन सुचलं. त्या जुन्या कॉम्प्युटरांमध्ये वायरीचा एक रस्ता आणि बिनवायरीचा दुसरा, असे दोन रस्ते होते. पत्ता बदलला की ते दुसऱ्या रस्त्याला लागतात, असा तुमचा संशय. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून, स्टेंट टाकलेल्या छातीनं, एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून सावेडीला आलात. माझ्या चारही कॉम्प्युटरांतली बिनवायरीची कार्डं काढलीत, बिस्किटाच्या डब्यात भरलीत, सुमनच्या हातचं पिठलं दोनदा वाढून घेतलंत आणि निघालात. जाताना म्हणालात, "आता थांबणार न्हाई बघ."

तीन दिवसांनी परत थांबलं.

सर, त्या दुपारी मी ते केलं. आमची रूपा पहिल्या बाळंतपणाला येणार होती. सुमनला गॅलरीत पाळणा हवा होता आणि तिथं चार पेटारे बसून वाट बघत होते. मी स्वतःला सांगितलं, की हे मी तुमच्यासाठी करतोय. तुमच्या छातीला आता ही धावपळ सोसणार नाही, एकदाचं उत्तर मिळू द्या. पण खरं सांगतो, मला गॅलरी हवी होती. तुमच्या मुख्य कॉम्प्युटरमध्ये मला सावेडीतून शिरता यायचं. मी शिरलो. दहा मिनिटांची मुदत घातली. उत्तर नाही आलं की तुकडा सोडायचा. आणि फोन केला नाही.

चोरी करताना पावती सोडणारा चोर मी. प्रोग्रॅममध्ये काही सुटलं तर त्याची नोंद व्हावी, हे तुम्हीच अंगवळणी पाडलेलं. म्हणून प्रत्येक सोडलेल्या तुकड्याची एक ओळ लिहिली जाईल अशी व्यवस्थाही मीच केली: "सावेडी-२: उत्तर नाही. वगळले."

तेरा दिवसांत सगळं संपलं. एकदाही गोठलं नाही. तुमचा फोन आला तेव्हा आवाजात किती आनंद होता! "कार्डंच हुती दिनू! म्हणलं हुतं का न्हाई?" मी म्हणालो, म्हणाला होतात. मग तुमचा आवाज उतरला. "पन निकाल शून्य हाय. एक आवाज न्हाई. दोन पावसाळे ऐकले रं आपण."

मी म्हणालो, "चला, निदान कळलं तरी."

तुम्ही म्हणालात, "व्हय. कळलं."

फेब्रुवारीत तुम्ही पेट्या उतरवल्यात. बाभळींवरून एकेक सोडवून, पट्ट्या गुंडाळून, कपाटात. मला म्हणालात, "आता कशाला? तुझी गॅलरी मोकळी कर. नात यील." नातच झाली, सर. तुम्ही चांदीचे वाळे पाठवलेत. कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला दिले आणि त्या जागी पाळणा टांगला.

आता ती ओळ.

जियारतीच्या दिवशी तुमच्या पडद्यावर लिहिलं होतं: "सावेडी-१, २, ३, ४ यांची वाट पाहत आहे." आणि खाली, सुरू होऊन त्रेसष्ट दिवस.

म्हणजे तुम्ही नोंदी वाचल्या होत्या. कधी, ते मला माहीत नाही. तुमच्यासारखा माणूस नोंदी न वाचता राहील, असं मला वाटलंच कसं? माझी मुदत तुम्ही काढून टाकलीत, जुना प्रोग्रॅम घातलात आणि पहिल्यापासून सुरू केलंत. तुमच्या तीन कॉम्प्युटरांवर ते चाललं असतं. हळू, पण चाललं असतं. माझी नावं यादीतून काढायला एक ओळ खोडायची होती. तुम्ही ती खोडली नाहीत. माझे चौघे भंगारात गेलेत, हे ठाऊक असून तुम्ही त्यांची नावं ठेवलीत.

त्या त्रेसष्ट दिवसांत आपण फोनवर किती बोललो असू. नातीच्या जावळाबद्दल, तुमच्या शुगरबद्दल, मिरजगावच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल. फोन ठेवायच्या आधी तुम्ही दर वेळी म्हणायचात, "बाकी?" मी म्हणायचो, "बाकी काही नाही." मग तुम्ही एक क्षण थांबायचात. मला वाटायचं, म्हातारपण. "बरं, ठेव," म्हणायचात.

नियमाप्रमाणे दुसऱ्यानं विचारायचं नव्हतं. तुम्ही नाही विचारलंत. आठवीत मला चार दिवस लागले होते. ह्या वेळी त्रेसष्ट दिवस दिलेत आणि मी बसूनच राहिलो. शेवटी उठलो तेव्हा तुमच्या घरात माणसं कुराण वाचत होती, आणि तोवर मी तीही वायर उपटून ठेवली होती.

चाचींना मी सगळं नाही सांगितलं. सरांचं काम थोडं राहिलंय, एवढंच म्हणालो. त्यांनी हार्डडिस्क ओढणीच्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "ने. तुमचं दोघांचं काय ते तुमालाच ठावं."

वगळलेले तुकडे एकेचाळीस होते. एकेक तासाचे. ह्या वेळी मी ते यंत्राला दिले नाहीत. कानाला हेडफोन लावून, पाळण्याशेजारी खुर्ची टाकून, रोज संध्याकाळी लॅबमधून आल्यावर ऐकले. वारा ऐकला. शेळ्यांच्या घंटा, टिटवी, लांबवर मोटारसायकल, पावसाची सर पेटीवर पडल्यावर होणारा ताडताड आवाज. एकदा कोल्हा. छातीला कळावा असा आवाज आहे का म्हणून मी श्वास धरून बसायचो. सुमन म्हणायची, "अहो, श्वास घ्या, जांभळे पडलात."

चौतिसाव्या तुकड्यात तुम्ही आहात.

पेटीतली बॅटरी बदलायला आला असाल. खुडबुड ऐकू येते, मग तुमचा फोन वाजतो. पलीकडून बोलणारा मीच असणार, माझा आवाज अर्थातच पेटीत नाही. तुमचा तेवढा आहे. "हां, बोल... हूं... हूं... हूं..." मी बरंच बोललो असलो पाहिजे. मग तुम्ही म्हणता, "न्हाई दिनू, थांबायचं... अरं पन मेला कशावरनं?... हूं... कपाळ दुखंल... बरं. बाकी?... बरं, ठेव."

माझी बाजू कोऱ्या वाऱ्यासारखी मधे मधे पसरलीय. मी एवढं काय सांगत होतो ते मला आठवत नाही. सगळी मिळून तुमची अकरा वाक्यं असतील, बाकीचा वेळ तुम्ही ऐकताय.

त्यानंतर तुमच्या चपलांचा आवाज येईल, मोटारसायकल सुरू होईल, म्हणून मी थांबलो. येत नाही. तुकड्याची अजून बावीस मिनिटं उरलीत, आणि तुम्ही गेला नाहीत. एकदा खोकलात, तेवढ्यावरून कळतं. बाभळीखाली बसून तुम्ही माळ ऐकताय. मीही ऐकत होतो, तेच, त्याच वेळचं. तास संपला तेव्हा तुम्ही तिथंच होता.

उरलेले सात तुकडेही ऐकले. माळढोक नाही. एकेचाळीस तासांत कुठेही नाही. म्हणजे माझ्या चोरीनं निकाल बदलला नव्हता. शून्य ते शून्यच. हे कळल्यावर मला हायसं वाटेल असं वाटलं होतं, सर. तुम्हाला सांगायला म्हणून मी मोबाईल उचललासुद्धा.

काल तुमचा चाळिसावा दिवस झाला. कर्जतहून परत आल्यावर मी सुमनला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुदत, एकेचाळीस ओळी, तुमच्या पडद्यावरची ती नावं, बाकी काही नाही म्हणालो ते. रूपा नातीला घेऊन सासरी गेली म्हणून सुमन पाळण्याची दोरी सोडत होती. हात न थांबवता तिनं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, "पण एवढं बरं, की त्यात काही नव्हतंच. वगळलं नसतं तरी तेच निघालं असतं."

तिनं दोरी गुंडाळली, खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "अहो, पण तुमच्या मुदतीमुळं काम संपलं म्हणून त्यांनी पेट्या फेब्रुवारीत उतरवल्या, नाहीतर त्या अजून बाभळीवरच असत्या. आणि तो ओरडतो पावसाळ्यात, असं तेच सांगायचे ना? ह्या पावसाळ्यात ओरडून गेला असेल तर?"